सही करण्याआधी तारखा बघा

या आठवड्याचे पत्र सातारा जिल्ह्यातून आले आहे. लिहिणाऱ्या ताईंनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे. पत्र थोडे आटोपशीर करून देते आहे.

«मॅडम, नमस्कार. २००९ साली इंजिनिअरिंगसाठी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून मी साडेतीन लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले. सहकर्जदार माझे वडील, अण्णा. घरची चार एकर कोरडवाहू शेती. २०१३ च्या मे महिन्यात शिक्षण संपले, वर्षभराने नोकरी लागली आणि जुलै २०१४ पासून साठ हप्ते सुरू झाले. चौदा हप्ते भरले. ऑगस्ट २०१५ चा शेवटचा. त्यानंतर कंपनीच बंद पडली आणि पुढे काही भरता आले नाही. मग लग्न, मुले, सगळे राहूनच गेले. जुलै २०१७ मध्ये शाखेतला माणूस गावी येऊन अण्णांची एका कागदावर सही घेऊन गेला. त्यानंतर कित्येक वर्षे कुणी विचारले नाही. आता दोन महिन्यांपासून एका कंपनीचे फोन येत आहेत. कर्ज आम्ही विकत घेतले, नऊ लाख चाळीस हजार भरा, नाहीतर पोलीस दारात येतील, असे म्हणतात. माझ्या सासूबाईंनाही फोन केला. काल म्हणाले, ‘आत्ता फक्त दोन हजार टाका आणि एका फॉर्मवर सही करून फोटो पाठवा, फाइल थांबवतो.’ लोकअदालतीची नोटीसही आली आहे. मिस्टरांचे मित्र म्हणतात, तीन वर्षांनंतर कर्ज मेलेले असते, एक रुपया देऊ नका. अण्णा म्हणतात, बैलजोडी विकू पण डोक्यावरचे ओझे उतरवू. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?»

ताई, दोन हजार टाकू नका. त्या फॉर्मवर सही करू नका, फोटो तर अजिबात पाठवू नका. आणि अण्णांना आजच फोन करून सांगा की बैल विकायचे नाहीत. कर्ज द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे आपण नंतर शांतपणे ठरवू. पण हे ठरण्याआधी तुमच्याकडून सही आणि पैसे, दोन्ही जाता कामा नयेत. का, ते सांगते.

मी बँकेत बत्तीस वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी कर्ज खात्याच्या टेबलावर. तिथे एक रजिस्टर असायचे. प्रत्येक कर्जदाराच्या नावापुढे एक तारीख लाल शाईने लिहिलेली. त्या तारखेच्या आत कर्जदाराची सही आली नाही तर ‘कागद टाइमबार झाले’ असे आम्ही म्हणायचो, आणि ते होऊ देणे ही मोठी चूक समजली जायची. म्हणून दर महिन्याला यादी निघायची आणि कुणीतरी मोटारसायकलवर गावोगाव जायचे. सोबत अर्ध्या पानाचा छापील कागद. त्यावर रकमेची जागा, रेव्हेन्यू स्टँपसाठी चौकोन आणि मजकूर साधारण असा: अमुक तारखेला माझ्या खात्यावर इतकी बाकी आहे, ती बरोबर असून मला मान्य आहे. याला बँकेत बॅलन्स कन्फर्मेशन म्हणतात. समोरच्याला सांगितले जायचे, ‘काही नाही, ऑडिटसाठी लागते.’ अण्णांनी २०१७ मध्ये बहुधा ह्याच कागदावर सही केली. असे कागद मीही आणले आहेत, आणि सही करणाऱ्याला त्याचा अर्थ नीट सांगायला हवा होता असे मला आजही वाटते. तो अर्थ आज तुम्हाला सांगते.

मुदतीचा कायदा १९६३ चा आहे. तारण नसलेल्या कर्जासाठी बँकेला दिवाणी दावा लावायचा तर पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. उशिरा लावलेला दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नसला तरीही. हे त्या कायद्याचे कलम ३. पण मुदत संपण्याआधी कर्जदाराने लेखी कबुली देऊन सही केली, तर सहीच्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. हे कलम १८. आणि मुदतीच्या आत व्याजापोटी किंवा मुदलापोटी काही रक्कम भरली, आणि भरल्याची नोंद भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असली, तरीही तसेच. हे कलम १९. दोन हजार रुपयांची मागणी इथून आलेली आहे. नऊ लाख मागणाऱ्याला दोन हजारांनी काय होणार? त्याला हवी आहे ती तुमच्याकडून नव्याने निघालेली नोंद.

आता तुम्ही म्हणाल, मुदत संपून गेली असेल तर सहीने काय बिघडते? बिघडते. मुदत संपल्यावर नुसती कबुली दिली तर मेलेला दावा जिवंत होत नाही, हे खरे. पण १८७२ च्या करार कायद्यात कलम २५ आहे. त्याच्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी, सही केलेले वचन हा नवा, पक्का करार ठरतो. ‘बाकी आहे’ असे म्हणणे वेगळे आणि ‘मी फेडीन’ असे म्हणणे वेगळे. वसुलीवाल्यांच्या फॉर्ममध्ये ही दोन्ही वाक्ये एकाखाली एक छापलेली असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर ‘हो, देते, थोडा वेळ द्या’ असे लिहिलेलेही उद्या पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. तेव्हा फोनवर बोलण्यापेक्षाही लिहिताना जास्त जपा.

मिस्टरांच्या मित्रांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. तीन वर्षांनंतर न्यायालयाचे दार बंद होते. कर्ज मात्र मरत नाही, ते कागदोपत्री उभेच राहते. सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वीपासून सांगितलेले आहे: मुदत संपली की वसुलीचा उपाय जातो, हक्क जात नाही. त्याचा व्यवहारातला परिणाम असा की सभ्य भाषेत पैसे मागणे हा गुन्हा होत नाही, सिबिलमधली (कोण कर्ज फेडते, कोण थकवते याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीतली) नोंद आपोआप पुसली जात नाही, आणि ज्या बँकेचे देणे आहे त्याच बँकेत तुमचे बचत खाते असेल तर तिथले पैसे वळते करून घेण्याचा प्रयत्न होऊ शकतो. अण्णांचे पीकविम्याचे पैसे त्याच शाखेत येत असतील तर दुसऱ्या बँकेत खाते उघडून तिकडे घेणे शहाणपणाचे.

आता तुमच्या तारखांचे गणित मांडू. इथे घाई करू नका, कागद-पेन घेऊन बसा.

सगळ्यात सोपा हिशेब: शेवटचा हप्ता ऑगस्ट २०१५, म्हणजे मुदत ऑगस्ट २०१८ पर्यंत. पण अण्णांची सही जुलै २०१७ ची, मुदतीच्या आतली. तिच्यामुळे मुदत जुलै २०२० पर्यंत गेली असे बँक म्हणेल. आणि इथे करोना मध्ये येतो. त्या काळात न्यायालये नीट चालत नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. मार्च २०२० ला जितके दिवस शिल्लक होते तितके १ मार्च २०२२ पासून पुन्हा मिळाले, आणि नव्वद दिवसांपेक्षा कमी कुणालाच मिळाले नाहीत. जुलै २०२० पर्यंत चार महिने उरले होते, म्हणजे ही मुदत २०२२ च्या जून-जुलैपर्यंत लांबते.

आणखी एक बाजू आहे, ती बहुतेक लोक विसरतात. हप्त्यांच्या कर्जात बँकेने ‘सगळे कर्ज एकदम परत करा’ अशी नोटीस कधी काढली, हे महत्त्वाचे असते. बँकेत त्याला रिकॉल म्हणतात. रिकॉल केलेच नसेल तर बँकेचा वकील असे म्हणू शकतो की प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी मोजा. तुमचा साठावा हप्ता जून २०१९ चा. त्याची तीन वर्षे जून २०२२ ला संपली असती, करोनाचा काळ वगळला की ती मे-जून २०२४ पर्यंत जातात. म्हणजे तुम्ही दिलेल्या तारखा खऱ्या धरल्या आणि सगळे माप बँकेच्या बाजूने टाकले, तरी मुदत तिथे संपते. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले म्हणून नवी मुदत मिळत नाही. विकत घेणाऱ्याला विकणाऱ्याचाच हक्क मिळतो, त्याच्या उरलेल्या दिवसांसकट.

अण्णांच्या सहीबद्दल आणखी एक. एका सहकर्जदाराने केलेली कबुली निव्वळ तेवढ्यावरून दुसऱ्यावर बांधली जात नाही, असे मुदतीच्या कायद्याचे कलम २० सांगते. पण बँकेच्या करारनाम्यात बहुधा ‘आम्हा सर्वांच्या वतीने कुणीही एकाने सही केली तरी चालेल’ अशा अर्थाचे कलम घुसवलेले असते. म्हणून करारनामा वाचल्याशिवाय या मुद्द्यावर भिस्त ठेवू नका.

हे सगळे गणित एका गोष्टीने कोसळू शकते, आणि मला तुमच्या पत्रात तिचीच काळजी वाटली. बँकेने मुदतीत दावा लावला होता का? तुम्ही लग्नानंतर गाव सोडले, आडनाव बदलले. समन्स माहेरच्या जुन्या पत्त्यावर गेले असेल, कुणी घेतले नसेल, दाराला चिकटवून गेले असतील, आणि तुमच्या गैरहजेरीत हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा न्यायालयाचा आदेश, झाला असेल. हुकूमनामा झाला असेल तर तीन वर्षांचा प्रश्नच राहत नाही. त्याच्या अंमलबजावणीला बारा वर्षे असतात. म्हणून पहिले काम हे करा: ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि तालुका न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. तुमच्या माहेरच्या नावाने शोधा, सासरच्या नावाने शोधा, अण्णांच्या नावाने शोधा. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा, कारण नोंद करणारा कसे लिहील याचा नेम नाही. वर्ष २०१५ पासून पुढचे प्रत्येक. काही सापडले तर एक दिवसही न घालवता वकील गाठा. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज साधारण तीस दिवसांत करायचा असतो. समन्सच मिळाले नसेल तर ते दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात, आणि उशीर झालाच तर त्याचे कारण सांगून माफी मागता येते.

सोबत अण्णांचा सातबारा काढून ‘इतर हक्क’ रकाना बघा. चार लाखांच्या आतल्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेत तारण घ्यायचे नसते, आई-वडिलांपैकी कुणी सहकर्जदार असले की झाले. तेव्हा तिथे बँकेचा बोजा असायला नको. पण असलाच तर मामला गहाणाचा होतो आणि गहाणाच्या वसुलीला मुदत बारा वर्षांची आहे. (कर्ज पतसंस्थेचे किंवा सहकारी बँकेचे असते तर मी वेगळे उत्तर लिहिले असते. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीची कारवाई होते आणि वर मांडलेले गणित तसेच्या तसे लागू पडत नाही. हे वाचणाऱ्या इतरांनी ध्यानात ठेवावे.)

दुसरे काम, कागद मागवणे. दोन पत्रे लिहा, एक मूळ शाखेला आणि एक त्या कंपनीला. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. मजकूर एवढाच ठेवा:

«आपल्याकडून माझ्याकडे एका कर्जाच्या थकबाकीची मागणी केली जात आहे. या मागणीच्या पुष्ट्यर्थ मूळ करारनामा, सुरुवातीपासूनचा खातेउतारा, कर्ज परत मागितल्याची नोटीस, कर्ज हस्तांतरित केल्याचा दस्त आणि आपण ज्यावर विसंबता ते कबुलीचे सर्व कागद यांच्या प्रती पाठवाव्यात. वसुली प्रतिनिधीचे अधिकारपत्रही पाठवावे. यापुढील पत्रव्यवहार लेखी आणि वरील पत्त्यावरच करावा. हे पत्र केवळ माहिती मागण्यासाठी आहे. त्याने कोणतेही देणे मी मान्य करत नाही आणि ते फेडण्याचे वचनही देत नाही. मुदतीच्या कायद्याखालील माझे सर्व हक्क मी राखून ठेवते.»

शेवटची तीन वाक्ये गाळू नका. आणि पत्रात ‘माझे कर्ज’, ‘माझी थकबाकी’ असे शब्द कुठेही येऊ देऊ नका.

खातेउतारा आला की त्यात आणखी एक गोष्ट शोधा. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून केंद्र सरकारची व्याज अनुदानाची योजना लागू झाली. आई-वडिलांचे एकत्रित वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि शिक्षण देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षणाच्या काळातले आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळातले व्याज सरकार भरणार होते. चार एकर कोरडवाहूवर साडेचार लाख होत नाहीत. तुम्ही त्या वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बँकेत दिला होता का, आठवून बघा. बँकेने अनुदान मागितलेच नसेल, किंवा ते येऊन तुमच्या खात्याला लागले नसेल, तर हा आकडा लहान नाही. समजा चार वर्षांत सारख्या चार भागांत कर्ज उचलले आणि बारा टक्के सरळ व्याज धरले, तर जून २०१४ पर्यंतचेच व्याज एक लाख अडतीस हजारांच्या घरात जाते. नऊ लाख चाळीस हजार या आकड्यात ते आणि त्यावरचे व्याज मिळून पुढे किती फुगले असेल याचा विचार करा. ही चूक दाखवता आली तर पुढे तडजोडीत तुमच्या बाजूला मोठे वजन येते.

आता फोन. कर्ज थकणे हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस कुणाच्या दारात येत नाहीत. तुम्ही दिलेला चेक वटला नाही तर मात्र फौजदारी तक्रार होऊ शकते. म्हणून या लोकांना नवा चेक, सही केलेला कोरा चेक किंवा खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी, काहीही देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, घरच्यांच्या आणि मित्रांच्या खासगीपणात घुसणे, यांना स्पष्ट मनाई आहे. सासूबाई ना कर्जदार ना जामीनदार, त्यांना फोन करणे हाच नियमभंग आहे. फोनची तारीख, वेळ, नंबर आणि बोललेले शब्द एका वहीत लिहा, कॉल रेकॉर्ड करून ठेवा. पुढचा फोन आला की एकच वाक्य बोला: ‘जे काही असेल ते लेखी पाठवा,’ आणि फोन ठेवा. वाद घालू नका, रडू नका, परिस्थिती सांगू नका. बोलता बोलताच माणूस ‘हो, घेतले होते हो, देणारच आहे’ असे बोलून जातो.

आधी त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, फी लागत नाही. बँकेविरुद्ध असेल तर ती लोकपालाकडे जाते. कर्ज विकत घेणारी कंपनी लोकपालाच्या कक्षेत बसत नसेल तर रिझर्व्ह बँकेचा ग्राहक शिक्षण आणि संरक्षण कक्ष तिची दखल घेतो. दारात येऊन कुणी दमदाटी केली तर मात्र वाट न पाहता पोलिसांत तुम्ही तक्रार करा.

लोकअदालतीच्या नोटिशीने तुम्ही घाबरला आहात, ते साहजिक आहे, वर न्यायालयाचा शिक्का असतो. नोटीस नीट वाचा. ‘दाखलपूर्व’ असे लिहिले असेल तर अजून दावा लागलेला नाही आणि ते केवळ तडजोडीचे बोलावणे आहे. गेला नाहीत म्हणून शिक्षा होत नाही, तुमच्याविरुद्ध निकालही लागत नाही. पण गेलात तर एक पक्के लक्षात ठेवा: तिथे तडजोडीवर सही झाली की तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बळकट असतो आणि त्यावर अपील नाही. मुदत संपलेले कर्ज तिथल्या टेबलावर पाच मिनिटांत पक्का हुकूमनामा होऊन बसते. मी असे होताना पाहिले आहे. एका म्हाताऱ्या बाईंनी हॉलमधल्या गर्दीत, मागून घाई होत असताना, बाराशे रुपयांच्या महिना हप्त्यावर अंगठा दिला होता. मुलगा गेलेला, कर्ज त्याचे. मयत मुलाच्या देण्यापोटी आई फक्त त्याच्याकडून वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतीच बांधील असते, आणि त्या पोराच्या नावावर सायकलसुद्धा नव्हती. हे त्यांना कुणी सांगितले नाही. तुम्ही जाणार असाल तर कुणालातरी सोबत घेऊन जा, आणि ‘आधी कागद दाखवा, मी आज सही करणार नाही’ एवढे म्हणून परत या.

याउलट पाकिटात खरे समन्स आले, वर दाव्याचा क्रमांक आणि तारीख असली, तर घरी बसून चालणार नाही. संक्षिप्त दावा असेल तर हजेरी लावायला दहाच दिवस मिळतात, नेहमीच्या दाव्यात कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला तीस. कलम ३ न्यायालयावर बंधनकारक असले तरी मुदतीचे कागद समोर ठेवणारे कुणीतरी लागते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. वर लिहिलेले सगळे तारखांचे गणित करारनामा हातात धरून एकदा त्या वकिलाकडून तपासून घ्या.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न, जो पत्रात तुम्ही अण्णांच्या तोंडून विचारला आहे. मुदत संपली असली तरी द्यायचे का?

मला विचाराल तर घेतलेले पैसे परत करावेसे वाटणे ही चांगली गोष्ट आहे आणि ती दाबून टाकायला मी सांगणार नाही. पण घेतले साडेतीन लाख, त्यातले चौदा हप्ते परत गेले, आणि मागताहेत नऊ लाख चाळीस हजार. देणे असेलच तर ते या आकड्याचे नाही. शिवाय बँका अशी विनातारण थकलेली कर्जे विकतात ती मागणीच्या रकमेपेक्षा खूप खाली विकतात. त्यामुळे समोरच्याला तडजोडीला जागा असते.

तुमच्या बाबतीत व्यवहाराचाही एक मुद्दा आहे. पुढेमागे घरासाठी कर्ज घ्यायचे असेल तर सिबिलमधली ‘रिटन ऑफ’, म्हणजे बुडीत धरलेले कर्ज, ही नोंद आडवी येईल. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो आधी मागवा आणि त्यात काय लिहिले आहे ते बघा. शेवटचे पैसे भरल्याची तारीख तिथे कुणी पुढे ढकलून टाकली असेल तर लेखी हरकत घ्या. त्यांना ती तीस दिवसांत निकाली काढावी लागते, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. घर घ्यायचा विचार नसेल आणि हातात पैसे नसतील, तर मुलांच्या तोंडचा घास काढून हे देणे फेडण्याची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही.

द्यायचे ठरलेच तर एकरकमी द्या, हप्त्यांनी नको. हप्त्यांच्या तडजोडीवर सही केली आणि चौथ्या महिन्यात मुलगा आजारी पडला, की तुम्ही पुन्हा थकबाकीदार, तेही या वेळी ताज्या कागदावर. आकडा ठरला की आधी त्यांच्या लेटरहेडवर मंजुरीचे पत्र घ्या: एवढी रक्कम भरल्यावर संपूर्ण देणे मिटेल, अण्णांसकट कुणाकडेही मागणी राहणार नाही, आणि सिबिलला तसे कळवले जाईल. ते पत्र वकिलाला दाखवा. मग पैसे कंपनीच्या बँक खात्यात भरा, फोन करणाऱ्याच्या यूपीआयवर कधीही नाही. भरल्यावर बेबाकी दाखला (काही देणे उरले नाही असा दाखला) घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. नोंद ‘सेटल्ड’ अशी होणार की ‘क्लोज्ड’, हेही आधीच बोलून घ्या. ‘सेटल्ड’ म्हणजे कमी घेऊन मिटवले, आणि पुढची बँक ते वाचते.

अण्णांना मात्र हे सगळे सांगत बसू नका. त्यांना एवढेच सांगा, आणि छापलेले आहे म्हणून दाखवा: उद्या समजा हुकूमनामा झाला, जप्ती आली, तरीसुद्धा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याची अवजारे, बियाणे आणि शेतीवर पोट भरायला लागणारी जनावरे जप्त करता येत नाहीत. जे बैल न्यायालयालाही नेता येत नाहीत, ते एका फोनच्या भीतीने बाजारात उभे करायचे नाहीत. आणि गावात पुन्हा कुणी कागद घेऊन आले, कितीही गोड बोलले, तरी अण्णांनी म्हणायचे, ‘लेक आल्यावर वाचून बघेल, कागद ठेवून जा.’

ई-कोर्ट्सवरचा शोध आज रात्रीच करा. खातेउतारा यायला दोन-तीन आठवडे लागतील. आला की त्यात सप्टेंबर २०१५ नंतर जमेच्या बाजूला एखादी नोंद आहे का, एवढे पहिल्यांदा बघा आणि मला कळवा. एखादी अनोळखी शे-दोनशेची रक्कम सापडली, तर ती कुणी, कशी आणि कोणाच्या सहीने भरली, हे बँकेला लेखी विचारावे लागेल. ते पत्र आपण मिळून लिहू.